छत शाबूत आहे : उपग्रहातून दिसणारा आणि न दिसणारा हैती

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ या प्रक्षेपकाने ‘निसार’ उपग्रह कक्षेत सोडला. त्यानंतर अनेक महाविद्यालयांतून मला व्याख्यानांची आमंत्रणे आली. रडार व्यतिकरणमिती हा माझ्या संशोधनाचा विषय असल्याने इस्रो आणि नासा यांच्या या संयुक्त मोहिमेविषयी बोलणे हा कामाचाच भाग होता. प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : “मॅडम, याला काय काय दिसेल?” बारा मीटर व्यासाचा अँटेना, दर बारा दिवसांनी त्याच जागेची पुनर्भेट, ढगांतून आणि अंधारातून पाहण्याची क्षमता, हे सारे मी उत्साहाने सांगत असे. हल्ली मात्र या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी हैतीची गोष्ट सांगते. ती माझ्या एका चुकीचीही गोष्ट आहे, म्हणून येथे सविस्तर लिहिते आहे.

कॅरिबियन समुद्रात क्यूबाच्या आग्नेयेला हिस्पानिओला नावाचे बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील साधारण एक तृतीयांश भाग म्हणजे हैती. उरलेला भाग डॉमिनिकन प्रजासत्ताक. हैतीचे क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अकराव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या एक कोटीहून अधिक. ‘पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश’ हे वर्णन त्याच्या नावाला इतक्या वेळा जोडले गेले आहे की ते आता त्याचे आडनावच वाटावे.

दूरसंवेदन शिकणाऱ्यांना हा देश बहुधा एका चित्रामुळे ठाऊक होतो. लँडसॅटने टिपलेल्या त्या चित्रात दोन देशांमधली सीमा कोणी न आखताही स्पष्ट दिसते : डावीकडे हैतीचे तपकिरी, उघडे डोंगर आणि उजवीकडे डॉमिनिकन प्रजासत्ताकाची गर्द हिरवाई. मीही हे चित्र कित्येक वर्षे माझ्या व्याख्यानात वापरत होते. त्याखाली लिहिलेले असे : ‘हैतीचे उरलेले वनक्षेत्र – २ टक्के’. आणि पडद्याकडे बोट करून मी म्हणत असे, “एकच बेट, एकच हवामान; फरक आहे तो फक्त दोन समाजांच्या निर्णयांचा.” वाक्य प्रभावी होते. सभागृहात क्षणभर शांतता पसरे आणि मला वाटे, उपग्रहाचे सामर्थ्य यांना पटले.

एका ऑनलाइन कार्यशाळेत मी हीच स्लाइड दाखवली. श्रोत्यांमध्ये एक हैतियन संशोधक होता, परदेशातील विद्यापीठात पीएच.डी. करणारा. व्याख्यान संपल्यावर त्याने अगदी नम्रपणे विचारले, “ते दोन टक्के कोणत्या वर्षाचे आहेत, आणि त्या मोजणीत वन कशाला म्हटले आहे?” मला उत्तर देता आले नाही. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली मी, प्रत्येक राशीबरोबर तिची अनिश्चितता लिहायची शिस्त असलेली, एका संपूर्ण देशाविषयीचा आकडा त्याचा उगम न पाहता वर्षानुवर्षे सांगत आले होते.

त्या रात्री मी शोध घेतला. आकडा एका अहवालातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत गेलेला दिसला. मूळ मोजमाप काही मला सापडले नाही. सापडले ते दोन वेगळे अभ्यास. पहिला २०१४ साली प्रसिद्ध झालेला. त्यात २०१०-११ मधील लँडसॅट चित्रांचे वर्गीकरण करून हैतीच्या सुमारे ३२ टक्के भूमीवर वृक्षाच्छादन असल्याचा निष्कर्ष काढला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची वनाची व्याख्या काटेकोरपणे लावली, तरी तो आकडा २९.४ टक्के भरत होता. दुसरा अभ्यास २०१८ सालचा. त्यानेही लँडसॅटचाच आधार घेतला होता, पण मोजले होते ते प्राथमिक अरण्य, म्हणजे माणसाने कधी न तोडलेले जंगल. ते १९८८ मध्ये देशाच्या ४.४ टक्के भूमीवर होते आणि २०१६ पर्यंत अवघे ०.३२ टक्के उरले होते.

उपग्रहमालिका तीच, देश तोच. एक उत्तर २९ टक्के आणि दुसरे पाव टक्क्याच्या जरासे वर. दोन्ही बरोबर आहेत. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर पाच मीटरपेक्षा उंच वाढणारी झाडे असतील आणि त्यांच्या छत्राने दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाकली असेल, तर ते वन. आंब्याच्या किंवा कॉफीच्या सावलीच्या झाडांनी भरलेला डोंगरउतारही उपग्रहाला वृक्षाच्छादित दिसतो. पण ज्या जुन्या अरण्यात जगात अन्यत्र न आढळणारे बेडूक आणि सरडे राहतात, ते अरण्य अशा झाडांनी भरून निघत नाही. तेव्हा हैतीत झाडेच नाहीत, हे म्हणणे खोटे ठरते आणि हैतीत सारे ठीक आहे, हे म्हणणेही तितकेच खोटे ठरते. माझे दोन टक्के यांपैकी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मग मी माझ्या त्या प्रभावी वाक्याकडे वळले. ‘एकच हवामान’ हे शब्द पहिल्याच तपासणीत गळून पडले. हिस्पानिओलावर व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. बेटाच्या मध्यावरील डॉमिनिकन पर्वतरांगा तीन हजार मीटरपर्यंत उंच आहेत. वाऱ्यांतील पुष्कळशी आर्द्रता तिथेच पावसाच्या रूपाने उतरते आणि हैतीचा बराच भाग पर्जन्यछायेत राहतो. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशाचा दुष्काळ एकाच जिल्ह्यात पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हा फरक झाडांच्या साऱ्या फरकाचा उलगडा करत नाही, पण तो वजा न करता उरलेले सगळे माणसांच्या माथी मारणे हे वाईट भौतिकशास्त्र आहे.

‘दोन समाजांचे निर्णय’ हे शब्द तर त्याहून कच्चे निघाले. आजचा हैती म्हणजे पूर्वीची सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत. गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या तिच्या ऊस आणि कॉफीच्या मळ्यांसाठी जंगले तेव्हाच साफ होऊ लागली होती. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत मागितली : १५ कोटी फ्रँक, जुन्या मळेमालकांची ‘नुकसानभरपाई’ म्हणून. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आली, पण तिच्यासाठी काढलेल्या कर्जांसह हा बोजा फिटायला १९४७ साल उजाडले. याच काळात महोगनी आणि रंगासाठी वापरले जाणारे लाकूड जहाजे भरभरून परदेशी जात होते. १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. सीमेपलीकडे डॉमिनिकन सरकारने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलतोडीवर लष्कराकरवी बंदी आणली आणि स्वयंपाकाच्या गॅसला अनुदान दिले. ते देण्यासाठी सरकारी तिजोरीत काहीतरी असावे लागते. लँडसॅटच्या तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये परावर्तित प्रकाश असतो. कर्जाचा हप्ता त्यात दिसत नाही.

हैतीत बहुतेक घरांची चूल आजही लाकूड-कोळशावर पेटते. हा कोळसा ज्या झाडांपासून होतो त्यांत ‘बायाहोन्द’ हे एक प्रमुख झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव वाचले आणि मी चमकले : प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. आपली वेडी बाभूळ! आमच्या गावच्या तलावाच्या बांधावर ती माजलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. कितीही तोडा, बुंध्यातून पुन्हा फुटते. कोळशासाठी तोडलेला तिचा तुकडा एखाद्या वर्षीच्या चित्रात ओसाड दिसेल आणि काही वर्षांनी पुन्हा हिरवा. एकाच तारखेचे चित्र पाहणारा त्याला विनाश म्हणेल. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते दोन तोडणींमधले अंतर असेल.

हे सगळे वाचून उपग्रहांविषयीच शंका यावी, असा माझा हेतू नाही. याच देशाने उपग्रहांचे सामर्थ्यही जगाला दाखवले आहे.

१२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स आणि लेओगान परिसर उद्ध्वस्त झाला. राष्ट्रपतींचा प्रासाद कोसळला. मृतांच्या संख्येबाबत आजही मतभेद आहेत. अंदाज एक लाखापासून तीन लाखांपलीकडे जातात. बचावपथकांकडे शहराचा धड नकाशाही नव्हता. खासगी उपग्रह कंपन्यांनी आपली ताजी चित्रे खुली केली आणि जगभरातील स्वयंसेवकांनी, त्यांतील बहुतेकांनी हैती कधी पाहिलाही नव्हता, ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते, पूल आणि पडलेल्या इमारती रेखाटायला सुरुवात केली. काही दिवसांतच राजधानीचा तोवरचा सर्वांत तपशीलवार नकाशा तयार झाला आणि तो बचावपथकांच्या जीपीएस यंत्रांत उतरला.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट नंतर घडली. सुरुवातीला सर्वांचा संशय एन्रिकिओ–प्लँटेन गार्डन या परिचित प्रस्तरभंगावर होता. जपानच्या ‘अलोस’ उपग्रहाने भूकंपापूर्वी आणि नंतर एल-बँड रडारने टिपलेल्या प्रतिमा संशोधकांनी एकमेकींवर ठेवल्या. रडारचा तरंग जमिनीवर आदळून परततो तेव्हा त्याची कला, म्हणजे फेज, अंतरानुसार बदलते. दोन प्रतिमांमधील कलेचा फरक काढला की जमीन किती सरकली ते रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसते. तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर असेल तर एक पूर्ण पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर साधारण १२ सेंटिमीटर सरकणे. या पट्ट्यांवरून कळले की लेओगानजवळची जमीन वर उचलली गेली आहे. किनाऱ्यावरची प्रवाळे अर्ध्या मीटरहून अधिक वर आलेली प्रत्यक्ष पाहणीतही आढळली. एन्रिकिओसारख्या आडव्या सरकणाऱ्या भंगाच्या हालचालीशी हे जुळत नव्हते. भूकंपाची बरीचशी ऊर्जा तोवर नकाशावर नसलेल्या एका भंगातून मोकळी झाली होती आणि परिचित भंगावरचा ताण तसाच उरला होता. धोका टळलेला नाही, हे सांगणारा तो निष्कर्ष होता. १४ ऑगस्ट २०२१ रोजी याच पट्ट्याच्या पश्चिमेकडील भागात ७.२ तीव्रतेचा भूकंप होऊन २,२०० हून अधिक माणसे दगावली.

एल-बँडचा लांब तरंग पानांच्या पडद्यातून खाली पोचतो, म्हणून झाडीच्या प्रदेशातही हे मोजमाप टिकते. ‘निसार’वर नासाचे एल-बँड आणि इस्रोचे एस-बँड अशी दोन रडारे आहेत; २०१० मध्ये मोजक्या प्रतिमांवरून जे करावे लागले, ते आता दर बारा दिवसांनी करता येईल. आपत्तीच्या वेळी अशी माहिती विनामूल्य पुरवण्यासाठी अंतराळसंस्थांची एक आंतरराष्ट्रीय सनद आहे आणि इस्रो २००१ पासून तिचा सदस्य आहे. व्याख्यानात मी हे अभिमानाने सांगते. पण त्या सनदेची एक मर्यादाही आता सांगते. ती नैसर्गिक आणि तांत्रिक आपत्तींसाठी आहे. सशस्त्र संघर्ष तिच्या कक्षेत येत नाहीत.

आणि हैतीवर आता जे कोसळले आहे ते याच दुसऱ्या प्रकारचे आहे. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोवेनेल मोईझ यांची त्यांच्या निवासस्थानी हत्या झाली. त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा बहुतांश भाग व्यापला. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस त्यांनी एकत्र येऊन पोलीस ठाणी, विमानतळ आणि तुरुंग यांवर हल्ले केले. हजारो कैदी बाहेर पडले. आपल्या वृत्तपत्रांत हैती आला तो २१ मार्चला, ‘ऑपरेशन इंद्रावती’खाली बारा भारतीयांना डॉमिनिकन प्रजासत्ताकात हलवले तेव्हा.

त्याच मार्चमध्ये कार्यशाळेतील त्या संशोधकाचा मला संदेश आला. त्याच्या प्रश्नानंतर आमचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. राजधानीच्या उतारावरील एका वस्तीत त्याची आई राहत होती आणि तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता. त्याने अक्षांश-रेखांश पाठवून विचारले, “त्या जागी काही दिसते का, पाहाल?” त्याच्याकडे साधने माझ्याइतकीच होती, पण आपल्याच घरावर पिक्सेल मोठा करून पाहण्याचे धैर्य त्याला होत नव्हते, असे त्याने नंतर लिहिले.

मी सेंटिनेल-२ चे चित्र उघडले. दहा मीटरचा पिक्सेल. त्याचे घर त्यात जेमतेम एका ठिपक्याएवढे. मग सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा घेतल्या, आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमांमधील सुसंगती तपासली. इमारत पडली किंवा जळली तर सुसंगती ढासळते. तिथे तसे काही नव्हते. हे मोजमाप एका घराचे नसून आसपासच्या काही घरांचे मिळून आहे, हे नमूद करून मी लिहिले : “मोठे नुकसान दिसत नाही. छत बहुधा शाबूत आहे.” पाठवताना मला समाधान वाटले, हे कबूल करायला हवे.

दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. आईचा फोन आला होता. शेजारणींबरोबर पायी निघून, दोन रात्री एका शाळेत काढून ती दुसऱ्या गावी बहिणीकडे पोचली होती. घर तिने मागेच सोडले होते. छत शाबूत होते आणि त्याखाली आता दुसरेच कोणी राहत होते. माझ्या निदानाबद्दल त्याने आभार मानले होते. निदान अचूक होते. त्याला हवे असलेले काहीच त्यात नव्हते.

तेव्हापासून दोन आकडे माझ्या मनात शेजारी-शेजारी राहतात. २०१० च्या भूकंपानंतर सुमारे पंधरा लाख माणसे छावण्यांत राहायला आली. चौकांत, मैदानांत पसरलेल्या त्यांच्या ताडपत्र्या अवकाशातून मोजता येत होत्या आणि जगाने त्या मोजल्याही. जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेने सांगितले की हिंसाचारामुळे देशांतर्गत विस्थापित झालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली आहे, वर्षभरात तिप्पट. पण हे लोक बहुतांशी नातेवाइकांच्या घरी, एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबे करून राहत आहेत; काही शाळांत, सरकारी इमारतींत. वरून पाहिले तर छते तीच आहेत. जनगणनेचा आधार घ्यावा, तर हैतीची शेवटची पूर्ण जनगणना २००३ ची. हे दहा लाख मोजले गेले ते दारोदार जाऊन विचारणाऱ्या माणसांमुळे, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

रात्रीच्या दिव्यांचेही असेच. सुओमी एनपीपी उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्याच्या चित्रात सँतो दोमिंगो झगमगते आणि बेटाचा पश्चिम भाग जवळजवळ काळा असतो. दिव्यांवरून दारिद्र्याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे आणि ते उपयुक्त आहे. परंतु २०२२ च्या सप्टेंबरात एका टोळीने राजधानीतील मुख्य इंधनसाठ्याची वाट अडवली, तेव्हाचा अंधार इंधनाअभावीचा होता. वस्ती रिकामी झाल्यावरचा अंधार वेगळा. ज्या घरात वीज कधी पोचलीच नाही तिथला आणखी वेगळा. सौर दिव्याखाली अभ्यास करून दहा वाजता झोपी गेलेली मुलगी दीड वाजता येणाऱ्या उपग्रहाला दिसत नाही. संवेदकाच्या लेखी या सर्वांची दीप्ती सारखीच.

सीमेचे ते चित्र मी व्याख्यानातून काढलेले नाही. त्याखालचे दोन टक्के काढले. आता तिथे दोन आकडे आहेत, २९.४ आणि ०.३२, प्रत्येकाच्या शेजारी वर्ष आणि व्याख्या. त्यानंतरची स्लाइड त्याच भागाच्या वार्षिक पर्जन्यमानाची. पूर्वी या ठिकाणी सभागृह शांत होई. आता प्रश्न विचारले जातात, आणि व्याख्यान वेळेत संपत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे. सेंटिनेलचाही आहे आणि निसारची विदाही खुली राहणार आहे. हैतीच्या सीमेवरचा एखादा डोंगर निवडा आणि त्याची पावसाळ्यातली व कोरड्या महिन्यांतली चित्रे शेजारी ठेवून पाहा. मग आपल्या तालुक्यातला एखादा डोंगर घ्या आणि तेच करा. तिथे मात्र चालत जाऊन, तिथल्या माणसांशी बोलून या. चित्रावरून तुम्ही जे लिहिले असते आणि परतल्यावर जे लिहाल, त्यांतला फरक वहीत नोंदवून ठेवा.

तो संशोधक पीएच.डी. पूर्ण करत आहे. त्याचा विषय आहे एन्रिकिओ भंगावर साचत चाललेला ताण. त्याला अजून स्वतःच्या देशात जाऊन जीपीएसची स्थानके तपासता आलेली नाहीत. आई मावशीकडेच आहे. निसारची विदा वापरायची कशी, हे विचारायला गेल्या आठवड्यात त्याने फोन केला होता. आम्ही तासभर फक्त कलेविषयी बोललो.